फळ्यावरचा उल्कावीर

"त्याला मारू नका हो," रिक्षावाले रावसाहेब म्हणाले. "आमच्या स्टँडवर त्यावरून दोन तट पडलेत. माणसं एकमेकांच्या डब्यातलं खाईनाशी झालीत."

"मारायलाच पाहिजे," श्रीधरपंत म्हणाले. "सहा वर्षं उडतोय. माणसानं कुठंतरी थांबावं." श्रीधरपंत बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी या कोपऱ्यावर थांबत, ते जेवणाची वेळ होईपर्यंत.

ज्याच्या जगण्यामरण्याची चर्चा चालली होती तो उल्कावीर अजून फळ्यावर उतरलेलाच नव्हता. एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन उत्तरेश्वर उभा होता. फळा स्वच्छ पुसून झाला होता. त्याने वर 'उद्या पाणी उशिरा व कमी दाबाने येईल' एवढं लिहिलं आणि तो थांबला. हे वाक्य पुण्यात कुठल्याही दिवशी चालतं, म्हणून हात मोकळा करायला तो ते आधी लिहीत असे.

"आज शेवट ना?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"आज."

"मग लिहा की. पाण्याचं आम्हाला घरी कळतं."

उल्कावीर मुळात उत्तरेश्वरचा नव्हताच. तो टीव्हीवरचा. रविवारी सकाळी चंदेरी कपड्यांत आकाशातून उतरायचा आणि दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात जग वाचवायचा. एका रविवारी तो मनोऱ्याच्या टोकाला एका हाताने लटकत राहिला आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला पनीरच्या पाककृती सुरू झाल्या. कुणी काही खुलासा केला नाही. त्याच वर्षी चिंचवडच्या ज्या कारखान्यात उत्तरेश्वर यंत्रांवर नंबर आणि भिंतींवर 'सावधान' रंगवायचा, तिथे स्टिकर कापणारं यंत्र आलं. उत्तरेश्वरला हार, नारळ आणि स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कारखान्याची होती.

अक्षर देखणं, म्हणून मंडळाने कर्वेनगरच्या या कोपऱ्यावरचा वार्ताफलक त्याच्या हवाली केला. शोकसभा, रक्तदान, हरवलेलं मांजर. एका गुरुवारी बातम्या कमी पडल्या. रिकामी जागा त्याला बघवेना, म्हणून त्याने लटकलेल्या उल्कावीराला मनोऱ्यावरून खाली उतरवलं. पुढच्या गुरुवारी फळ्यापाशी माणसं आधीच येऊन थांबली होती.

तेव्हापासून दर गुरुवारी एक प्रकरण, आणि शुक्रवारी सकाळी बातम्यांसाठी ते पुसायचं. उल्कावीराने खडकवासल्याची भिंत पाठीवर तोलून धरली. विद्यापीठ चौकातली वाहतूक एका फुंकरीने मोकळी केली. भिंतीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण वाहतुकीचं अतिरंजित आहे असं बऱ्याच जणांनी तोंडावर सांगितलं.

मधे उत्तरेश्वरची बायको शालन गेली. आजार छोटा होता, दवाखाने मोठे होते. त्यानंतरच्या पहिल्याच प्रकरणात उल्कावीराची जोडीदार तारका धरणाचं दार बंद करता करता वाहून गेली. त्या दिवशी लोकांनी वाचलं आणि कुणीही चूक काढली नाही.

आता फळाच जाणार होता. सोमवारी त्या जागी मोबाइल कंपनीचा फ्लेक्स लागणार होता आणि त्याच्या भाड्यातून मंडळाला नवे स्पीकर. उत्तरेश्वरचं कुणाशीच भांडण नव्हतं. पण आठवडाभर त्याचं बूड जागेवर ठरत नव्हतं. भाजीची गाडी दारात उभी असताना तो बसने मंडईत गेला आणि कोथिंबीरसुद्धा न घेता परत आला. रात्री उठून पंखा बंद करायचा, पुन्हा लावायचा. शेवट सुचत नव्हता असं नाही. शेवट लिहिला की सोमवारी सकाळी उठून जायचं कुठे, हे सुचत नव्हतं.

"काका, मी रजा टाकून आलोय," आनंद म्हणाला. हा वाशीमचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि मागच्या गल्लीत चौघांत खोली घेऊन राहत होता. त्याच्या हातात फळ्याशेजारच्या कचरूच्या टपरीवरचा चहा होता. "फिनालेसाठी. मॅनेजरला सांगितलं, फॅमिली मॅटर आहे."

"रजा कशाला घालवलीस?"

"असं काय करता. अख्खा ग्रुप वाट बघतोय. इंटरनेटवर उल्कावीरचा ग्रुप आहे ना आपला. मीच चालवतो. कॅलिफोर्निया, सिंगापूर, सगळीकडे वाचतात लोक."

उत्तरेश्वरने खडू खाली घेतला. "माझं लिहिलेलं?"

"दर आठवड्याला टाइप करतो मी. शेवटासाठी पोल पण घेतला. मेजॉरिटी म्हणते, लग्न लावा."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? उल्कावीर आणि तारकाचं."

"तारका मेली," उत्तरेश्वर म्हणाला.

आनंदने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "कधी? काका, ती नाशिकला माहेरी आहे. पाय फ्रॅक्चर झाला, मग तिकडंच वेधशाळेत जॉब लागला. पत्रं येतात तिची."

"काहीतरीच काय," श्रीधरपंत म्हणाले. "मी स्वतः वाचलंय. वाहून गेली."

"वाहून कुठली जातीय," रावसाहेब म्हणाले. "मागच्या दिवाळीला फराळ पाठवला की तिनं. चकल्या मऊ पडल्या म्हणून भांडण झालं दोघांचं."

"तुम्ही फळ्यावर वाचलंत हे?" उत्तरेश्वरने विचारलं.

"एरवी गुरुवारी मला कुठला वेळ. शनिवारी चहाला येतो तेव्हा कचरू सांगतो."

"मला पण कचरूदादाच सांगतात," आनंद म्हणाला. "घरी येईपर्यंत अंधार पडतो, फळा दिसत नाही. ते सांगतात तेच टाइप करतो मी."

सगळ्यांनी टपरीकडे पाहिलं. कचरू स्टोव्हला पंप मारत होता. स्टोव्ह चांगला भडकलेला होता, तरी मारत होता.

उत्तरेश्वरने फडकं बादलीत टाकलं आणि तो चालू लागला. कॅनॉलच्या रस्त्याने टोकापर्यंत गेला, तिथे काहीच काम नव्हतं म्हणून वळला, पुन्हा गेला. सहा वर्षं. सातासमुद्रापार लोक वाचत होते, आणि वाचत होते ते चहावाल्याचं. त्याचं स्वतःचं वाचलं होतं ते कोपऱ्यावरच्या दहा-बारा जणांनी, आणि त्यातल्या श्रीधरपंतांना ते आवडत नव्हतं.

दुपारी टपरी मोकळी झाली तेव्हा तो परत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "काय काय बदललंस?"

"लई न्हाय, दादा. येक ती तारका. आन उल्कावीराचा वैरी त्यो म्हाशून्य हाय ना, दुसऱ्या ग्रहावरचा, त्याला म्या मुळशीचा केला."

"मुळशीचा?"

"जमिनी घेनारा. दुसऱ्या ग्रहावरचा म्हनलं की लोकं च्या पीत बसत्यात. जमिनी घेतो म्हनलं की मान वर करत्यात."

"माझ्या गोष्टीत हात घालायचा तुला काय अधिकार?"

कचरूने गाळणी आपटून चोथा टाकला. "उल्कावीर तरी तुमचा कुठं हाय? टीव्हीवाल्याला इचारून घेतला हुता का?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. उत्तरेश्वर बाकावर बसला. कचरूने न विचारता चहा पुढे केला.

"तारकाला का ठेवलीस?"

"जाऊ द्या की."

"सांग."

"त्या शनवारी रिक्षावाली पोरं आली," कचरू म्हणाला. तो स्टोव्हकडे बघत बोलत होता. "हसत इचारत हुती, तारकाचं काय झालं म्हनून. तुमी हितंच बसल्याला, ह्याच बाकड्यावर. वैनीला जाऊन म्हैना झाला नव्हता. आता तुमच्या म्होरं 'मेली' कसं म्हनू? त्वांडातनं निघालं, म्हायेरी गेलीया. येकदा गेली म्हनल्यावर तिला तिथं कायतरी करायला लावाया नगं का?"

उत्तरेश्वरला तो शनिवार आठवत नव्हता. त्या महिन्यातलं काहीच त्याला धड आठवत नसे.

"काय काय केलं तिनं?" त्याने विचारलं.

कचरूने सांगायला सुरुवात केली. मधे गिऱ्हाइकं आली, चहा पिऊन गेली, दोघंजण गेलेच नाहीत. काही ठिकाणी कचरूने गोष्टीची पार वाट लावली होती. काही ठिकाणी बरं केलं होतं, हे उत्तरेश्वरला गिळायला जड गेलं. तारका नाशिकला जाऊन जाड झाली होती. सूर्याजवळून जा-ये करणाऱ्या उल्कावीराला ती पत्रातून लिहायची की उन्हाचं टोपी घालून हिंडत जा. जग वाचवून झाल्यावर पोचल्याचा फोन का केला नाही म्हणून आठवडाभर अबोला धरायची. जेवलास का, असं मात्र विचारायची नाही. काय जेवलास, असं विचारायची, म्हणजे खोटं बोलता येत नाही.

शालन याच टपरीसमोर भाजी घ्यायला थांबायची. उत्तरेश्वर फळा लिहीत असला की तिथूनच त्याला बोलायची.

"हे तुला कसं सुचलं?" उत्तरेश्वरने विचारलं.

"सुचतंय कशाचं," कचरू म्हणाला. "ऐकल्यालं."

संध्याकाळी उत्तरेश्वर फळ्यापाशी गेला. श्रीधरपंत, आनंद आणि आणखी दहा-बारा जण होते. त्याने दोनदा 'तारका' लिहिलं आणि दोनदा पुसलं. पोलाच्या निकालाची आनंद हळू आवाजात आठवण करून देत होता. पण जे माणूस आपण आपल्या हाताने वाहून जाताना लिहिलं ते त्याच हाताने परत आणणं उत्तरेश्वरला जमेना. कुणीतरी खोटं बोलतंय असं त्याला वाटत होतं, आणि खडू तर त्याच्याच हातात होता.

मग त्याने सरळ लिहिलं. उल्कावीराने महाशून्याला हरवलं. शहर झोपलं होतं, कुणी पाहिलं नाही. तो उतरला, चंदेरी कपडे धुऊन दोरीवर टाकले, स्वतःपुरता चहा टाकला आणि सवयीने दोन कप काढले. एक परत ठेवला. बाहेर उजाडत होतं. समाप्त.

माणसं वाचत उभी राहिली. आनंद खाली मान घालून चपलेने माती उकरत होता.

"ठीक आहे," श्रीधरपंत म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला होता. मग ते म्हणाले, "कप बरोबर आहेत," आणि जेवणाची वेळ झालेली नसतानाच घरी गेले.

सोमवारी मंडळाची मुलं शिडी घेऊन आली. फळा काढून कुणाच्या तरी गच्चीवर नेला. त्या जागी, फोन कानाला लावून हसणारी, खोलीएवढी मोठी एक मुलगी लागली. ती कुणाशी बोलतेय ते लिहिलेलं नव्हतं, नुसता दर होता.

शनिवारी सकाळी उत्तरेश्वर घरातून निघाला. पाय नेहमीच्या रस्त्याने चालत होते, त्याने त्यांना अडवलं नाही. टपरीवर आनंद होता. रावसाहेबही होते. ते आठवडाभर गावाला जाऊन आले होते आणि रिक्षा रस्त्यातच सोडून उतरले होते.

"अरे कचरू, शेवट काय झाला?" त्यांनी विचारलं. "मारला का त्याला?"

आनंदने खिशातून कागद काढला. कचरूने उत्तरेश्वरकडे पाहिलं. उत्तरेश्वरला शेवटाचं अक्षरन् अक्षर पाठ होतं. कपडे, दोरी, चहा. त्याने तोंड उघडलं. मग बाकावर जरा सरकून रावसाहेबांना जागा करून दिली.

"मारतंय कोन त्याला," कचरू म्हणाला. "म्हाशून्याचे समदे सातबारे फाडले, त्याला येरवड्याला पोचता केला, आन त्यो निगाला थेट नाशिकला. वाटंत कुटं थांबला न्हाय. घराच्या म्होरं उतरला. कापडं समदी धुळीनं भरल्याली. टोपी घातल्याली." कचरूने दूध उतू जाताना पातेलं खाली घेतलं. "दार वाजिवलं. आतनं तारका म्हनली, कोन हाय?"

एवढं बोलून कचरू चहा गाळायला लागला. एक ग्लास, दुसरा ग्लास. आनंदचं पेन कागदावर थांबलं होतं. रस्त्यातल्या रिक्षामागे गाड्या भोंगे वाजवत होत्या, रावसाहेब हलले नाहीत.

उत्तरेश्वर ग्लास दोन्ही हातांत धरून पुढे वाकला.

"दार उघडलं का तिनं?" त्याने विचारलं.