‘फ’ ओळीतील चौदा नंबरच्या खुर्चीने पाहिलेला चित्रपट

मित्रांनो, प्रस्तुत लेखात मी प्रथम माझा जन्म, तदनंतर माझी सेवा, त्यानंतर एका फसलेल्या चित्रपटाच्या दुपारी माझ्या हातून घडलेले सत्कार्य व शेवटी एक विनंती, असे निवेदन करणार आहे. तरी कृपया मन एकाग्र करावे.

मी एक जुनी खुर्ची आहे. निफाडच्या एका चित्रपटगृहात ‘फ’ ओळीत चौदाव्या जागी माझे वास्तव्य आहे. नाशिकच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्या वेळी माझे अंग लाल रेक्झिनचे होते व पोटात नारळाचा काथ्या होता. माझ्यावर बसून लोक रडले, हसले, घोरले. सगळ्यांनी स्तुती केली. पुढे काथ्या विरला आणि एक स्प्रिंग वर आली. तेव्हापासून माझ्याकडे कोणी प्रेमाने पाहिले नाही.

अशा अवस्थेत गेल्या ऑक्टोबरात एक प्रेमाचा विनोदी चित्रपट लागला. त्यातील नायक-नायिका नुकतेच एका मालिकेमुळे घराघरांत पोहोचले होते. बाहेरच्या फ्लेक्सवर त्या दोघांचे दात तेवढे होते, गोष्ट कशाची आहे याचा उल्लेख नव्हता. तरीही हाऊस फुल्ल झाले.

पहिल्याच दिवशी तीनच्या खेळाला रुद्र नावाचा बागायतदार तरुण आला. त्याने केस त्या नायकासारखे कापले होते व डोळ्यांवर तसाच गॉगल होता. सोबत तेजल नावाची कन्या होती. आठवड्यापूर्वीच रुद्र तिला पाहून गेला होता. दोघांनी एकदा बोलून घ्यावे म्हणून वडीलधाऱ्यांनी त्यांना सिनेमाला धाडले होते, आणि तेजलने आजच होकार वा नकार कळवायचा होता. राखण म्हणून तिची आत्या आक्काबाई दोघांच्या मधोमध, म्हणजे माझ्यावर, विराजमान झाली.

“अहो, आत अंधार आहे. गॉगल काढा,” तेजल म्हणाली.

“मला यातूनच क्लिअर दिसतं,” रुद्र नायकाच्या आवाजात म्हणाला आणि आक्काबाईंच्या पिशवीला अडखळला.

चित्रपट सुरू झाला. नायक घसरला. कोणी हसले नाही. नायक पुन्हा घसरला. रुद्र एकटाच मोठ्याने हसला. तेजलने घड्याळ पाहिले. मित्रांनो, मी निर्जीव असले तरी मला कळले, की हे लग्न जमत नाही.

तेवढ्यात माझी स्प्रिंग आक्काबाईंना टोचली.

“अगं बया! खुर्ची हाय का बाभूळ?” असे उद्गारून त्या उठल्या व तेजलच्या पलीकडे, कंटाळून निघून गेलेल्या एका प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसल्या. मी दोघांमध्ये रिकामी राहिले.

त्याच क्षणी पडद्यावर द्राक्षबागेतले गाणे लागले. पाऊस कोसळत होता. नायकाने वेलीवरून काळाभोर घड तोडून नायिकेस भरवला. आमच्या निफाडच्या प्रेक्षकांत एकदम चुळबुळ सुरू झाली, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाने त्याच महिन्यात स्वतःची बाग छाटली होती.

रुद्रने गॉगल काढला. तो माझ्यावर ठेवला आणि पुढे वाकला.

“थांबा, थांबा! ही बाग आत्ताच छाटलीय. काडीला नुसता डोळा फुटतोय, अन् घड पिकलेला कुठून आला?” या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता.

“दोऱ्याने बांधलाय,” तेजल म्हणाली. “तो बघा, हिरवा दोरा. आमच्या बागेत असं कोणी केलं असतं ना, दादांनी हाकलून दिलं असतं.”

“आणि एवढ्या पावसात नाचतायत! करपा येईल.”

“करपा नंतर. आधी डावणीची बुरशी येईल.”

“बरोबर. डावणीच,” रुद्र म्हणाला. “तुम्हाला फवारणीतलं कळतं?”

“दोन वर्षं आमचं वेळापत्रक मीच लावते.”

मागून कोणी ओरडले, “हीरो, नाच नंतर, आधी फवारा मार!” आणि सारे सभागृह प्रथमच हसले. दोघे पुढचा सगळा चित्रपट माझ्यावर कोपर टेकवून बागेचेच बोलत होते. नायक-नायिकेचे शेवटी काय झाले, ते त्यांना आजही माहीत नाही.

दिवे लागले. आक्काबाईंनी विचारले, “लय रद्दी पिच्चर. मंग पोरी, घरी काय सांगू?”

तेजलने माझ्यावरचा गॉगल उचलून रुद्रला दिला. “सांग, गॉगल खिशात राहणार असेल तर हो.”

रुद्रने तो खिशात ठेवला, पण घाईत उलटा घातल्याने त्याची काडी मोडली. आक्काबाई हसत हसत पुन्हा माझ्यावर बसल्या व पुन्हा किंचाळून उठल्या.

चित्रपट चौथ्या दिवशी उतरला. तत्पूर्वी एका संतापलेल्या प्रेक्षकाने ब्लेडने माझी पाठ फाडली. मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. चित्रपट वाईट निघाला तर जरूर रागवावे, शिट्ट्या माराव्यात, परंतु खुर्चीस इजा करू नये. तिने त्यात काम केलेले नसते. माझी पाठ आता दाभणाने शिवलेली आहे. स्प्रिंगही आत दाबून बसवायची होती, परंतु लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या तेजलने सांगितले, “काका, तेवढी राहू द्या.” म्हणून ती राहिली आहे. बसताना जरा जपावे.

खुर्चीस हात नसल्याने तिच्या वतीने हे लिहिणारा व तिला शिवणारा, आपला नम्र खंडेराव बोरगुडे, द्वारपाल. आपण शेवटपर्यंत बसून वाचलेत, याबद्दल मी व खुर्ची आपले अत्यंत आभारी आहोत.