पाणी उतरेपर्यंत

सुकऱ्याने पाण्याच्या काठावर तिसरा दगड ठेवला आणि उकिडवा बसून तो बघत राहिला. आधीचे दोन दगड केव्हाच पाण्याखाली गेले होते. सकाळी दोघं नवराबायको पोचले तेव्हा रस्ता ओलांडणारा हा ओढा मांडीभर होता. आता दुपार झाली, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि पाणी वाढतच होतं.

"पाऊस नाय, तर पाणी येतं कुठून?" तो पुटपुटला.

त्याच्या गावाकडे, तलासरीला, पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी गेलं, की माणसं असाच दगड ठेवतात, बिडी ओढतात आणि ऊन पडलं की दोन तासांत पार होतात. तीस वर्षं डहाणूचे चिकू वाहणाऱ्या ड्रायव्हरला पाणी कोण शिकवणार? म्हणून तर हा गडी स्पितीच्या डोंगरात उन्हाच्या भरवशावर बसला होता.

मागे टेम्पो उभा होता. चिकूचे क्रेट काढून त्यात बाज टाकली होती, शेगडी बसवली होती, रखमीच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. गेले नऊ दिवस तेच नवराबायकोचं घर. बर्फाची शिखरं दिसली की रखमी म्हणायची, "यांच्यापुढे आपला महालक्ष्मीचा डोंगर म्हणजे वासरू."

पण ती काही शिखरं बघायला आली नव्हती. त्यांची रविना पलीकडच्या गावात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच नामग्यालशी लग्न केलं. मांडव नाही, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी नाहीत. सुकऱ्याच्या हिशेबी ते लग्नच नव्हतं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. नात झाली आणि तिला बघायचंच म्हणून रखमीने जेवण सोडलं, तेव्हा कुठे तो तयार झाला, तोही एका अटीवर.

"मी डायवर म्हणून येतो. गाडी चालवीन. बोलणार नाय."

दोनच्या सुमाराला रविना आणि नामग्याल पलीकडच्या काठावर आले. तिच्या पाठीला बाळ बांधलं होतं. मध्ये जेमतेम चाळीस पावलांचं अंतर, पण पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. रखमी दोन्ही हात हलवत राहिली. सुकऱ्या टायरची हवा तपासत बसला.

"पाणी उतरत नाय," तो टायरलाच म्हणाला. "मागे फिरू. लांबून का होईना, बघितलीस ना?"

"लांबून बघायला नऊ दिवस हाडं खिळखिळी करून घेतली मी?" रखमीने तिथेच बसकण मारली. "तू जा. मी इथंच बसते."

रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी झारखंडची बाई हसू दाबत म्हणाली, "बाबा, यहाँ धूप से बर्फ पिघलता है. सूरज चढेगा तो पानी भी चढेगा. भोर में देखना."

सुकऱ्या ओशाळला. जन्मभर ज्याच्यावर विसंबला, ते ऊनच इथे उलटं निघालं होतं. तो मुकाट्याने उठला आणि शेगडीवर चहा ठेवला. मागे फिरायचं पुन्हा त्याने काढलं नाही.

पहाटे फटफटलं तेव्हा ओढा गुडघ्याखाली आला होता. रविना आणि नामग्याल आधीच येऊन उभे होते. पाण्यात गाडी घालण्याआधी क्लीनरने पुढे चालत तळ चाचपायचा, ही टेम्पोवाल्यांची जुनी रीत. इथे क्लीनर कुठला?

"गाडीत बस. तळ बघून येतो," सुकऱ्या म्हणाला. काठी घेतली, पँट वर दुमडली आणि पाण्यात शिरला.

मध्यावर गारठ्याने त्याचे पाय लटपटले. रविनाने बाळ नामग्यालकडे दिलं, धावत पाण्यात आली आणि हात पुढे केला. सुकऱ्याने त्या हाताकडे बघितलं. मग तो धरला.

काचेतून रखमीला दिसलं, त्याचे ओठ हलले. काठावर पोचले तरी हलतच राहिले. दोन वर्षांचं बोलणं साठलेलं, ते लवकर संपतंय थोडंच. मग त्याने नामग्यालच्या हातून नात घेतली आणि तिथेच एका खडकावर बसला. तळ कसा आहे, ते सांगायला काही तो परत आला नाही.

ऊन शिखरावरून खाली सरकू लागलं. आता पाणी चढणार आणि गाडी आजही अलीकडेच राहणार. रखमीने हॉर्नवर हात ठेवला, पण दाबला नाही. ती उतरली, टेम्पोला कुलूप लावलं, लुगडं वर खोचलं आणि पाण्यातून पलीकडे चालू लागली.