आत्याच्या वाट्याचे धपाटे

बारशाला आत्याने मार खायचा असतो. ती बाळाच्या कानात नाव सांगायला पाळण्यात वाकली, की मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ही रीत जिने काढली तिला एखादी तरी नणंद असणार, याबद्दल माझी खात्री आहे. त्यात आमच्या वाडीतले हात म्हणजे भात झोडणारे हात. त्यामुळे भावाला मुलगा झाल्याचा आनंद झाला तो झालाच, पण बारशाला जाताना आतून स्वेटर घालावा का, असाही विचार मी करून पाहिला.

मी सेजल. बिरवाडीत खोली घेऊन राहते, तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आमची वाडी वरंधच्या वर, डोंगरात. भाऊ ओम मुंबईत नोकरीला, बारशासाठी रजा काढून आलेला. ऋतिकाचं, म्हणजे वहिनीचं, माहेर मुंबईतल्या एका खोलीचं, म्हणून बाळंतपणाला ती आमच्या आईकडेच आली. पोरगं बारा दिवस बोंबलत होतं. नाव ऋतिकाने ठरवलं होतं, निहार. आईच्या कानावर ते आधीच गेलं होतं आणि तिला ते अजिबात पटलं नव्हतं. "रानातून हाक मारायची झाली तर निऽहार म्हनून कोन वरडंल? हवाच निघून जाते तोंडातली," ती म्हणाली.

आदल्या संध्याकाळी आई वरवंट्याला झबलं-टोपडं घालत होती. बारशात बाळाच्या आधी त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. मला हुक्की आली. महिन्याभरापूर्वी कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. खरं सांगायचं तर दोन दिवस पॅकिंगमधून सुटका आणि वर नाश्ता, म्हणून मी नाव दिलं होतं. तिथे सोनाली मॅडमनी रबरी बाहुलीवर शिकवलेलं सगळं मी त्या नटलेल्या वरवंट्यावर करून दाखवलं. छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवून तीसदा दाबायचं. मग त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकून दोन छोटे श्वास द्यायचे, गालात मावेल एवढीच हवा. बायका हसून लोळल्या. शेजारची कमळाकाकी म्हणाली, "नवरा मिळंना तर वरवंट्याच्या पाप्या घेतेस गो?" मी म्हटलं, वरवंटा बरा, उलटून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पाळणा टांगला. वेळ काढलेली होती अकरा वीसची. अकरा पंधराला बाळ ऋतिकाच्या अंगावर पीत होतं आणि कमळाकाकीचा जीव वरखाली होत होता. "वेळ टळंल गो, आन त्याला." ऋतिकाने तोंडातलं सोडवून त्याला काकीच्या हातात दिलं. ना खांद्यावर घेतलं, ना ढेकर काढला. भरल्या पोटीच त्याला पाळण्यात उताणं ठेवलं. पाळणा हलू लागला, बायकांनी गाणं धरलं. बारा दिवस घर डोक्यावर घेणारं पोरगं गप्प झालं. "कसा गुनाचा हाय बघा," कोणीतरी म्हणालं. आम्ही सगळ्या खूश. मीही.

मग मला पुढे ढकललं. मी वाकले, कानाशी तोंड नेलं. माझा गाल त्याच्या नाकाजवळ होता. तिथे ऊब लागायला हवी होती, वारा लागायला हवा होता. काहीच लागलं नाही.

मी तोंड मागे घेऊन पाहिलं. ओठ जांभळट. एका नाकपुडीत दूध. डोळे अर्धे उघडे. आणि त्याच क्षणी माझ्या पाठीत पहिला धपाटा बसला, मग दुसरा, तिसरा. "थांबा," मी म्हटलं. त्यांना वाटलं, नेहमीचं नाटक. हशा पिकला आणि धपाटे वाढले. "मारू नका, पोर श्वास घेत नाय," मी सांगत होते, आणि माझा आवाज गाण्यात बुडत होता. शेवटी मी त्याला उचलून सरळ उभी राहिले, तेव्हा ऋतिकाने त्याचा लोंबता हात पाहिला. गाणं थांबलं.

तळपायाला टिचकी मारली. हालचाल नाही. त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने खांद्यांच्या मध्ये धपाटे दिले. पाच. एवढ्याशा पाठीवर. थोडं दूध ओघळलं, बाळ तसंच. पुन्हा उताणं करून छाती पाचदा दाबली, तरी तेच. अंग आता ओल्या फडक्यासारखं झालं होतं.

"पाय धरून उलटा झुलव त्याला," कमळाकाकी पुढे आली. कोणी कांदा फोडायला धावलं, कोणी तोंडात पाणी घालायला तांब्या आणला. मी बाळाला पाटावर ठेवलं. "काकी, ह्याला हात लावलास तर बघ," मी म्हणाले. वडीलधाऱ्या बाईशी मी असं आयुष्यात बोलले नव्हते. "ओम, रेंज आहे तिथं पळ, एकशे आठला लाव. आणि शेजारच्या सुनीलला गाडी काढायला सांग."

दोन बोटं ठेवली आणि दाबलं.

छाती आत गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पोहे खात असेन. वरवंटा दगडाचा, त्याला काय कळणार. बाहुली रबराची. इथे बोटांखाली कोवळी हाडं होती आणि ती दबत होती. आपण हे पोर मोडतोय, असं वाटून माझी बोटं थांबली. मला भीती वाटली. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मग सोनाली मॅडमचं एक वाक्य आठवलं, "हलकं दाबलंत तर रक्त हलत नाही." मी दात आवळले आणि दाबू लागले.

पण आकडे. सात म्हटलं की पुढे पुन्हा सहा येत होते. मी म्हटलं, "आई, मोज."

आईने आयुष्यात मोजलंय ते खळ्यावरचं भात. पायली भरायची, ओतायची, म्हणायचं. ती पाटाजवळ बसली आणि खळ्यावर म्हणतात तसंच म्हणाली, "लाभ." खळ्यावर एक म्हणत नाहीत, पहिला आकडा लाभच.

"भराभर, आई."

"लाभ, दोन, तीन, चार…" तिचा आवाज कापत नव्हता. माझी बोटं त्या आवाजावर चालत होती. तीस झाले. तोंडात पाहिलं, बाहेर आलेलं दूध करंगळीने पुसलं. नाक-तोंड झाकून फुंकलं, छाती उचलली. पुन्हा फुंकलं. "लाभ, दोन, तीन…" ऋतिका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचं झबलं भिजलं— नाही, झबलं बाळाचं, ऋतिकाचा ब्लाउज दुधाने भिजला होता. अजूनही सांगताना माझं असं होतं.

तिसऱ्या फेरीत आई "अकरा"वर होती तेव्हा बोटांखाली काहीतरी उसळलं. बाळ आचकलं. नाकातून दूध आलं, मी त्याला कुशीवर वळवलं, आणि मांजराच्या पिल्लासारखा एक खरखरीत आवाज निघाला. मग दुसरा. मग ते रडलं, आमचं नेहमीचं, घर डोक्यावर घेणारं. आई त्या भरात "बारा, तेरा" म्हणतच राहिली. मी म्हटलं, "आई, पुरे."

एकशे आठची गाडी वर यायला वेळ लागणार होता, म्हणून सुनीलच्याच गाडीत कोंबून बसून आम्ही महाडला निघालो. घाटाच्या वळणांवर मी एकच करत होते, त्याच्या पोटावर हात ठेवून ते वरखाली होतंय का पाहत होते. ते रडलं की मला बरं वाटायचं, थांबलं की मी त्याच्या पायाला टिचकी मारायचे. ऋतिका म्हणाली, "ताई, रडू दे त्याला."

इस्पितळात डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला मशीन लावलं, फोटो काढला. छातीवर माझ्या बोटांचे दोन लाल ठसे होते. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "ठसे दोन दिवसांत जातील. दूध थोडं छातीत गेलंय, म्हणून लक्ष ठेवायला ठेवून घेऊ. पण बाळ ठीक आहे." आणि मग, "दाबलं कोणी?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "बरोबर दाबलंत," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. समोर कमळाकाकी बसली होती, मांडीवर काहीतरी घट्ट धरून. एक नर्स थांबली. "आजी, हे दुसरं? जुळी आहेत का? याला का नाही दाखवलं?" काकीने खाली पाहिलं. टोपडं, झबलं, काजळाची तीट लावलेला आमचा वरवंटा. गडबडीत उचलला तो तिने वाडीपासून महाडपर्यंत छातीशी धरून आणला होता.

"ह्याचं बरं हाय," मी म्हटलं. "ह्याला काल मीच तपासलंय."

काकी आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. "मीच घाई केली गो," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. घाई तिने एकटीने नव्हती केली, पाळणा सगळ्यांनीच हलवला होता.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. बाळ झोपलं होतं, नाकपुड्या हलत होत्या. ऋतिका म्हणाली, "ताई, नाव राहिलंय." मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग गो. हाक मारायचं मी बघून घेईन. वरडंन जोरात."

मी वाकले. गालाला ऊब लागली, बारीक, नेमाने येणारी. ती लागते आहे ना हे पाहत मी जरा जास्तच वेळ तशी राहिले. मग कानात सांगितलं, "निहार."

मागे कोणी हललं नाही. इथे कोण मारणार, असं म्हणून मी उठणार, तेवढ्यात माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. आईचा हात मी ओळखते.

"लाभ," आई म्हणाली, आणि दुसरा घातला. "दोन."

मी उठले नाही. तशीच वाकून राहिले आणि पोराच्या दुपट्यावर रडले. आई मोजत होती. मी तिला थांबवलं नाही.