मिठाआधीची वाटी

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजरी आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्या मिशा विरळ झाल्या आहेत, एक कान फाटका आहे आणि किडनी अर्धवटच काम करते. तरी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या या घरातली पंख्याखालची खुर्ची माझीच! घरातले आत्मारामबाबा समोर येऊन उभे राहिले तरी मी उठत नाही.

माझा जन्म पूर्णगडच्या बंदरात, होड्यांच्या आडोशाला झाला. काय रुबाब होता माझा तेव्हा, म्हणून सांगू! मासे विकणाऱ्या बाया मला शिव्या घालायच्या, आणि घालता घालता एखादी तारलीही फेकायच्या. पण वय झालं. तहान भागेना, अन्न जाईना, अंगावर नुसती कातडी राहिली. तरणी मांजरं मला हुसकून लावू लागली. रत्नागिरीच्या दीप्तीताई आजारी जनावरांना आपल्या घरी ठेवून घेतात. त्यांनी मला उचललं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिची किडनी कमजोर आहे. ती काही पूर्ण बरी होणार नाही, पण पथ्य सांभाळलंत तर ही अजून छान जगेल."

दीप्तीताईंकडे माणसं यायची ती पिल्लं बघायला. "अय्या, किती गोड!" म्हणून त्यांना उचलून घ्यायची. माझा आजार ऐकला की मात्र काढता पाय घ्यायची. मीही मग त्यांच्याकडे पाठ करून बसायला शिकले. पण शाळेत शिकवणारी दर्शना आली आणि सगळं ऐकूनही बसून राहिली. ती म्हणाली, "माझ्या बाबांनाही बीपीचं पथ्य आहे. एकाचं सांभाळते, तसं दोघांचं सांभाळेन."

दीप्तीताईंनी तिला बजावलं, "खारट काही द्यायचं नाही. आणि नाहीच जमलं, तर हिला माझ्याकडे परत आण."

दर्शनाचे बाबा म्हणजेच हे आत्मारामबाबा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मला बघताच ते कडाडले, "काय गो दर्शना, मांजर आणलंस ते म्हातारं? वर दुखणाईत? आधीच घरात एक म्हातारा हाय ना!"

मी शेपटी वर करून सरळ त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. पण दर्शना शाळेत गेली की घर अगदी सुनं व्हायचं. मग बाबा हळूच हाक मारायचे, "काय गो चंपे, झोपलीस?" बोलायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. थोड्याच दिवसांत मी त्यांच्या मांडीवर झोपू लागले.

आमच्याकडे माया असते ती खाऊ घालण्यात. बाबांच्या खाटेखाली आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेला सुक्या खाऱ्या बांगड्यांचा डबा होता. दर्शनाने तो कुणाला तरी देऊन टाकायला सांगितलं होतं. पण दुपारी बाबा खिडकी उघडून बांगडा भाजायचे. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. "खा गो, एवढ्याशाने काय होतंय!" म्हणायचे. आता मी काय नको म्हणणार? मी मांजर आहे, साधू नाही!

आणि मी आजारी पडले. वांत्या सुरू झाल्या, मान वर उचलवेना. डॉक्टरांनी सलाईन दिलं. घरी आल्यावर दर्शना रडू लागली. "मी औषध, खाणं सगळं वेळेवर देते. तरी हिची अशी दशा का झाली? मला जमत नाहीये, बाबा. उद्या हिला दीप्तीकडे परत देऊया."

या वयात मला पुन्हा घर कोण देणार होतं?

बाबांनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "नको नेऊस तिला. तुझं काय चुकलं नाय. सुका बांगडा मीच द्यायचो."

"आणि तुम्ही?" दर्शनाने विचारलं. बाबांनी मान खाली घातली.

"म्हणजे तुम्हीही खात होतात! बाबा, ही गेली असती. आणि तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाकडे बघायचं होतं?"

बाबांनी डबा ओढून काढला आणि शेजारच्या काशीवहिनींच्या दारात नेऊन ठेवला. "जयभीम वहिनी. हा डबा तुम्हीच ठेवा. आमच्या घरात नको, चंपी ह्यानंच आजारी पडली."

काशीवहिनी हसून म्हणाल्या, "डॉक्टर सांगून थकले, लेक सांगून थकली. शेवटी मांजरीचं ऐकलंत होय!"

मी सावरले. आता दर्शना घरीच माझ्या कातडीखाली सुई घालून सलाईन देते. मी गुरगुरते, आणि बाबा मला धरून "झालं, झालं" म्हणतात. मित्रांनो, या दोघांचे उपकार मी कसे फेडू? मांडीवर झोपून जेवढे फिटतील तेवढे फेडते. तुम्ही पिल्लं न्या, जरूर न्या. पण कोपऱ्यात पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्या मांजरालाही एकदा हाक मारा. त्याचं दुखणं विचारा, पथ्य विचारा, आणि मायेपोटी ते पथ्य मोडू नका.

डॉक्टरांच्या परवानगीने कधीमधी मला ताजा मासा मिळतो. उकडला की मीठ पडायच्या आधी दर्शना माझी वाटी बाजूला काढते. पहिल्यांदा तिने ती काढली तेव्हा बाबा म्हणाले, "माझीपण काढ गो, मिठाआधी." तेव्हापासून दोन वाट्या निघतात. बाबा पहिला घास घेतात, तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, "अळणी हाय गो, चंपे!" मग माझ्या शेजारी बसून वाटी संपवतात.