बारावा केस

सकाळचा उजेड आधी खिडकीच्या गजांवर येतो, मग टेबलाच्या कडेने सरकत बरण्यांतल्या पाण्यात थांबतो, परवानगी मागत असल्यासारखा. आणि बऱ्याच वेळाने दोन काचपट्ट्यांच्या मधे माझ्यापर्यंत पोहोचतो. मित्रांनो, मी एका समुद्री खेकड्याच्या मिशीवरचा जुना केस आहे. नुसत्या डोळ्यांना दिसेन न दिसेन, इतका बारीक.

खेकड्याला नाक नसते. त्याच्या आखूड मिशीवर आम्ही बारा भाऊ ओळीने उभे होतो, आणि पाण्यातला वास आम्हीच त्याला कळवत होतो. एकदा आमच्या इशाऱ्यावर तो खडकाच्या फटीत शिरला आणि मोठा मासा वरून निघून गेला. तो अभिमान मी अजून बाळगून आहे.

पुढे आमचे कवच वाळूत कोणाला तरी सापडले आणि या प्रयोगशाळेत आले. खेकडा मला शोधत असेल, असे मी स्वतःला रोज सांगत राहिलो.

इथल्या संशोधक ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली आमची ओळ मोजली, तेव्हा अकराच केस भरले. अकरा केसांचा खेकडा कोणी पाहिला नव्हता. नवी प्रजाती सापडली, चार वर्षांच्या कष्टांचे चीज झाले, असे त्यांना वाटले. शोधनिबंध लिहून तयार झाला. मी मात्र मामांच्या ब्रशात अडकलो होतो. मामा तिथले जुने मदतनीस. आलेल्या प्रत्येक कवचावरची वाळू ते मायेने झाडत.

निबंध पाठवायच्या सकाळी ताईंना ओळीत एक रिकामी खळगी दिसली. त्यांनी मामांना विचारले.

"वाळू होती, ताई. पाहुण्याला आंघोळ घातल्याशिवाय मी आत घेत नाही."

ताईंनी ब्रशाचा तंतू न् तंतू तपासला आणि मी सापडलो. कितीतरी वेळ मी चिमट्याच्या टोकावर होतो. एक फुंकर पुरली असती. कोणाला कळलेही नसते. त्यांनी मला खळगीशी जुळवून पाहिले आणि निबंधाच्या शीर्षकावर सरळ रेघ मारली.

मामांचा चेहरा उतरला. बिचाऱ्या खेकड्याचा केसही आपणच तोडला, असे ते पुटपुटले.

"त्याचं काही गेलं नाही, मामा," ताई म्हणाल्या. "हे वाढताना त्यानं टाकलेलं जुनं कवच आहे. नवे बारा केस घेऊन तो केव्हाच पुढे गेला."

मित्रांनो, बारीक वस्तूंवरून हात फिरवताना तो हलका ठेवा. ताईंनी मला शोधले, जपून काचेत ठेवले.

खेकडा मला कधीच शोधत नव्हता.