चालत्या गाडीतला नकाशा

एकतीस वर्षं एसटी चालवली आणि बसला एक ओरखडा येऊ दिला नाही. ही फुशारकी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या, आहेच ती. मी बलभीम, जळकोटचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुसरा कुणी गाडी चालवायला लागला की शेजारी बसल्या बसल्या माझा उजवा पाय ब्रेक दाबतो. त्यामुळं जावयाच्या गाडीतली भानगड आधी माझ्याच नजरेला पडणार होती.

जावई रणधीर ढोकीला असतो, साखर कारखान्यात नोकरीला. मागच्या वर्षी त्यानं नवी गाडी घेतली. पुढं मोठा पडदा, त्यावर नकाशा, गाणी, सिनेमा, सगळं. गाडी आणायला मीही गेलो होतो. शोरूममधल्या बाईनं बजावून सांगितलं, गाडी हलली की पडद्यावरचं चित्र बंद होणार, नकाशात गावाचं नाव टाकणंही बंद. हँडब्रेक ओढून गाडी उभी केली तरच ते चालू होतं. मला हे फार पटलं. म्हटलं, ड्रायव्हरला अक्कल नसली तरी गाडीला आहे.

संक्रांतीनंतर ढोकीला वैष्णवीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, डोहाळजेवण झालं. संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून रणधीर मला आणि माझ्या बायकोला, सत्यभामेला, स्टँडवर सोडायला निघाला. मी पुढं बसलो. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि आमच्या पडद्यावर एक बाई हिरव्या साडीत नाचत होती. गाडी पन्नासच्या वेगात होती.

"जावईबापू, हे बंद पडाया पायजे न्हवं?" मी विचारलं.

रणधीरनं घाईनं पडदा बंद केला. "नवीन अपडेट आलंय मामा," तो म्हणाला.

बोलताना त्यानं आरशातून मागं पाहिलं. मी मान वळवली तर सत्यभामा खिडकीबाहेर बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं उसाकडं इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उतरताना समोरच्या खणाच्या झाकणावर एक बारीक स्टिकर दिसलं: नागप्पा ऑटो इलेक्ट्रिकल्स, मुरूम.

मुरूमला रणधीरची बहीण दिली आहे. म्हणजे तिकडं गेला असताना साहेबांनी हा उद्योग करून घेतला होता.

आता माझी अडचण ऐका. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलीला आणायला बापानं जायचं, आणि रणधीरला गळीत हंगामात रजा मिळत नाही, म्हणून त्यांच्या गाडीतून मीच तिला आणायचं, हे दिवाळीतच ठरलेलं. पण आणायला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात दवाखान्याच्या दोन फेऱ्या होत्या. माझी पोटुशी पोर हिरव्या साडीवर डोळा ठेवणाऱ्या माणसाशेजारी बसून धाराशिवला जाणार, ह्या विचारानं मला अन्न गोड लागेना. मी माझ्या डोळ्यांनी असे अपघात पाहिलेत. नंतर सगळे म्हणतात, एक सेकंदच नजर हलली होती.

दुसऱ्या दिवशी वैष्णवीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "जावई गाडी चालवताना काय बघत्यात?"

ती म्हणाली, "आण्णा, तुमाला कोण काय बोललं का?"

बघत नाहीत, असं सरळ म्हणायचं सोडून ही मलाच विचारते, कोण काय बोललं! म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी होतं. सत्यभामेला छेडलं तर ती म्हणाली, "नव्या गाड्या असतात तशा. तुमी कशाला डोस्कं खराब करून घेता?" आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

मग मी मुरूम गाठलं. नागप्पाचं दुकान बाजारातच होतं. पन्नाशीचा माणूस, एका जीपच्या पोटात डोकं घालून बसला होता. माझ्याही गाडीचं काम करायचंय अशी थाप मारली.

"बसा की काका. लई सोपं हाय," तो हात पुसत म्हणाला. "पडद्याकडं हँडब्रेकची वायर जाती. ती बॉडीला जोडून टाकायची. मग गाडी पळत असली तरी पडद्याला वाटतंय, हँडब्रेक वढलेलाच हाय."

म्हणजे चालत्या गाडीनं स्वतःशीच खोटं बोलायचं. मला संताप आला. म्हटलं, ढोकीच्या रणधीरच्या गाडीत असंच केलंस ना? कुणी मरलं म्हंजे?

नागप्पा माझ्याकडं बघत राहिला. "तुमी ताईचे वडील व्हय? एसटीतले?"

"व्हय."

"काका, तुमचं जावई नको म्हणत हुते. ताईनं करून घ्याय लावलं. इथं ह्या स्टुलावर बसून हुती."

"कशाला पायजे हुतं तिला?"

"ते तिलाच इचारा," असं म्हणून त्यानं परत जीपमध्ये डोकं घातलं. मी बराच वेळ उभा राहिलो, पण त्यानं काही ते बाहेर काढलं नाही.

परत येताना बसमध्ये मी सगळा हिशेब लावला. नवऱ्याचं नाव यायला नको म्हणून पोरीला पुढं केलं असणार. पोरी सासरी गेल्या की नवऱ्याचं झाकायला शिकतात. मी ठरवलं, आणायला जाईन त्या दिवशी रणधीरच्या तोंडावर बोलायचं. जावई असला म्हणून काय झालं?

तो दिवस आला. सकाळच्या गाडीनं ढोकीला उतरलो, तर रणधीर घरीच होता. गळीत हंगाम जोरात, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, आणि हा पांढरा शर्ट घालून दारात उभा.

"रजा टाकलीया मामा. म्याच येतो सोडायला."

"रजा मिळत न्हाय म्हणला हुता."

"मिळाली."

"चावी द्या," मी म्हणालो. "ती वायर काढल्याबिगर माझी पोर ह्या गाडीत बसणार न्हाय. आन् काढली की गाडी म्या चालवणार. तुमी नाच बघत घरी बसा."

रणधीरचा चेहरा पडला. खिशातल्या चावीवर त्यानं हात मात्र घट्ट ठेवला. तेवढ्यात आतून वैष्णवी आली. पोट सांभाळत, भिंतीला हात लावत. ती ओसरीच्या खुर्चीत बसली.

"आण्णा, त्यास्नी बोलू नका. वायर म्या जोडाया लावली. गाणं त्या दिवशी चुकून चालू राहिलं."

"कशापायी जोडलीस?"

"तुमच्यापायी."

मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, मी कधी सिनेमे बघायला लागलो?

"दिवाळीत तुमी मला हितनं घेऊन गेला," ती म्हणाली. "आठवतंय? धाराशिवच्या पुढं पुलावर गाडी उभी केली तुमी."

आठवत होतं. का नाही आठवणार? नवे पूल, नवे बायपास, कुणीही गोंधळेल. नकाशात नाव टाकायचं होतं आणि गाडी चालू असताना ते टाकता येत नव्हतं. म्हणून मी नियमानं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. तसं मी तिला सांगितलं.

"मधल्या लेनमधी, आण्णा. मागनं टँकर आला. त्यानं कसाबसा काढून घेतला. तुमी मागं बघितलंच न्हाय. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा म्या पाया पडले तवा कडंला घेतली."

"खोटं."

"म्हणून म्या वायर जोडाया लावली. तुमीच आणणार म्हणून समद्यांना सांगितलं हुतं. तुमाला न्हाय कसं म्हणायचं? वाटलं, गाडी चालू असतानाच बाजूला बसून म्या नाव टाकीन. तुमाला थांबायला नको."

"वैष्णवे, रस्ता बदललाय. एवढ्यासाठी बापाला..."

"रस्ता न्हाय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या पुलावर हँडब्रेक वढून तुमी मला इचारलं, नकाशात काय टाकू? कुठं जायाचंय आपल्याला? म्या म्हणलं, आण्णा, आपल्या घरी. तर तुमी म्हणला, व्हय, पर गावाचं नाव काय?"

रणधीर जमिनीकडं बघत होता. मी त्या पुलाची आठवण काढून बघितली. हँडब्रेक आठवला, पडदा आठवला, टँकरचा हॉर्नसुद्धा अंधुक आठवला. हा प्रश्न मात्र कुठंच सापडला नाही. पोर खोटं बोलतेय म्हणावं तर का बोलेल? आणि मग आरशात बघणारा रणधीर, खिडकीबाहेर बघणारी सत्यभामा, जीपमध्ये डोकं घालणारा नागप्पा, एकेकाचा अर्थ लागत गेला. ते मला घाबरत होते आणि माझ्यासाठीही घाबरत होते. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

"तुझ्या आईला कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीपासनं."

चावी मी पुन्हा मागितली नाही. शेजारणीनं येऊन वैष्णवीची ओटी भरली, मी सामान मागं ठेवलं. ती मागच्या सीटवर आडवी होऊन बसली आणि मी रणधीरच्या शेजारी. त्यानं पडदा लावलाच नाही. माझा मान राखायचा म्हणून असेल. रस्ताभर तो एसटीच्या गोष्टी विचारत राहिला, आणि मी सांगत राहिलो. नव्वद सालच्या गोष्टी मला डेपोच्या नंबरासकट आठवत होत्या.

धाराशिव मागं पडलं. पुढं रस्त्याला दोन फाटे फुटले. एक वर पुलावर चढत होता, एक खालून जात होता. रणधीरनं वेग कमी केला. त्याला रस्ता माहीत होता, हे मला कळत होतं.

"मामा, इकडनंच ना?" त्यानं विचारलं.

ह्या वाटेनं मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. मी वरच्या रस्त्याकडं बघितलं, खालच्या रस्त्याकडं बघितलं. दोन्ही सारखेच ओळखीचे वाटत होते.

"वैष्णवीला इचारा," मी म्हणालो.