आठ दिवसांची खाट

डहाणूत एका ट्रस्टने आठ दिवसांची खाट सुरू केली होती. अंथरुणाला खिळलेलं माणूस तिथे सोडायचं आणि त्याचं करणाऱ्याने आठ दिवस जरा श्वास घ्यायचा. नयनाने ती मार्गशीर्षात मागितली. सहा वर्षं सासूचं, हिरकणीबाईंचं, हागणंमुतणं तिने एकटीने काढलं होतं, आणि तिकडे माहेरी, झाईला, तिची स्वतःची आई घटका मोजत होती. तिला चारच दिवस हवे होते.

नवरा शांताराम चिकूच्या वाडीत तोंड लपवून बसला. निवाडा दिला तो बोरिवलीच्या दिराने, फोनवरून.

"वहिनी, दोन मुलगे जिवंत असताना आई परक्या दारात? लोक तोंडात शेण घालतील."

"मग भावजी, चार दिवस तुम्ही या."

"मला कुठली रजा मिळते!"

नाकाने कांदे सोलायला रजा लागत नाही. त्याच खोलीत हिरकणीबाई आढ्याकडे बघत पडल्या होत्या. अर्धांगाने जीभ जड झाली होती, कान शाबूत होते.

पौषात आई गेली. नयना सकाळच्या एसटीने गेली, चिता पेटलेली पाहिली आणि संध्याकाळी परत आली, कारण सासूचं डायपर बदलायला घरात कोणी नव्हतं.

वैशाखात दिराच्या मुलीचं, निधीचं, लग्न वाडीतच ठरलं. आणि खाट कोणी सांगून ठेवावी? रवींद्रभावजींनीच, पुरते आठ दिवस!

"पाहुण्यांना वास नको यायला, वहिनी. आणि तुम्हीही स्वयंपाकघरात मोकळ्या."

आता लोकांचं शेण कुठे गेलं होतं, देव जाणे.

नयनाने सासूला ट्रस्टच्या खाटेवर निजवलं. तिथली नर्स मुक्ता हसून म्हणाली, "काकू, आता आठ दिवस सुट्टी! कुठे जाणार?"

तेवढ्यात हिरकणीबाईंनी नयनाचा पदर धरला. वाकडं तोंड कष्टाने हललं.

"झाई... आईला... भेट."

विहीण गेल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण अख्ख्या घरात नयनाचं मागणं लक्षात ठेवलं होतं ते या एकटीने. नयना तिथेच, सगळ्यांदेखत रडली.

बाहेर दिराने पाठवलेली रिक्षा होती. ती तिने स्टँडकडे वळवली आणि झाईची एसटी पकडली. शेजारच्या बुधीबाईंकडून किल्ली घेऊन तिने आईचं दार उघडलं. फोन वाजला.

"वहिनी, अहो आहात कुठे? पाहुणे आलेत!"

"आईला भेटायला आलेय," नयना म्हणाली, आणि आईच्या रिकाम्या खाटेवर बसली.